गिलके, घोसाळे आणि मधलं रिकामं घर

आमच्याकडच्या एका दैनिकाच्या पुरवणीत 'भाजीबाजार' या विषयावरचं शब्दकोडं आलं होतं. आडव्या शब्दांत एक शोधसूत्र होतं, 'वेलीवरची फळभाजी, हिची भजीही करतात (३)'. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं, 'गिलके'. अमळनेरच्या आमच्या वाचनालयात सकाळी आठ ते नऊ आठ-दहा जण मिळून हे कोडं सोडवतात. तिथे त्या दिवशी दोन तट पडले. एक निवृत्त सर म्हणाले, मराठीत या भाजीला घोसाळे म्हणतात, त्यातही तीनच अक्षरं आहेत, मग गावठी शब्द घालायचं कारण काय? समोरून लगेच आवाज आला, "आपला घरमा याले गिलकंच म्हनतस ना भो!" पुढचा आठवडाभर हेच चाललं. एका बाजूला शुद्ध मराठीचा अपमान झाला होता, दुसऱ्या बाजूला खान्देशचा. मी दोन्हीकडचं ऐकलं आणि मला वाटलं, एक चांगला प्रश्न आपण सगळे मिळून वाया घालवतोय.

माझं म्हणणं आधीच सांगते. गिलके कोड्यात यायलाच हवं. टरबूज, भगर, गंगाफळ (लाल भोपळा), बिबडी, फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके), आखाजी (अक्षय तृतीया), हे सगळे शब्द यायला हवेत, आणि तेही फक्त खान्देश विशेष पुरवणीत नव्हे, रोजच्या कोड्यात. पण 'आमचा शब्द आहे म्हणून' एवढ्या जोरावर त्याचं समर्थन होत नाही. एखादा शब्द कोड्यात शोभतो की नाही, हे ठरतं त्याला छेदणाऱ्या शब्दांवरून. घरात बसून कोडं सोडवणाऱ्या अनोळखी माणसाला त्या शब्दापर्यंत पोचायची वाट रचणाऱ्याने ठेवली आहे का, एवढंच विचारायला हवं. आमच्या आठवडाभराच्या भांडणात हे कोणीच विचारलं नाही.

त्यासाठी देवनागरीतल्या कोड्याची घडण लक्षात घ्यावी लागते. इंग्रजीत एका घरात एक अक्षर बसतं आणि दोन शब्दांना तेवढंच अक्षर सामाईक लागतं. आपल्याकडे एका घरात काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर बसतं. 'गिलके' म्हणजे गि, ल, के अशी तीन घरं. पहिल्या घरातून खाली जाणारा शब्द 'गि'नेच सुरू झाला पाहिजे, 'गी' किंवा 'ग' चालणार नाही. म्हणून मराठी कोडं रचणं अवघड आहे, पण त्याच कारणाने सोडवणाऱ्याला एकेका सामाईक घरातून फार मोठी मदत मिळते. तीनपैकी दोन अक्षरं मात्रांसकट हाती आली की ओळखीच्या शब्दाचं तिसरं सहसा आपोआप सुचतं.

आता ते कोडं पाहू. 'गि'मधून खाली 'गिरणा' जात होती, मालेगाव-भडगावकडून येऊन तापीला मिळणारी आपली नदी. 'के'मधून 'केळफूल' जात होतं. मधल्या 'ल'मधून काहीच जात नव्हतं. म्हणजे ज्याने आयुष्यात गिलके हा शब्द ऐकलेला नाही, त्याच्यासमोर 'गि _ के' एवढं उरलं आणि पुढे भिंत. तो काय करणार? क-ख-ग-घ म्हणत बसणार? सरांच्या तक्रारीत खरा दम इथे आहे, पण त्यांनी ती मांडली शुद्धतेच्या नावाने, आणि शुद्धतेचा मुद्दा काढल्यावर समोरचा चिडणारच. ते म्हणाले असते, 'मला या शब्दापर्यंत पोचायला वाट ठेवली नव्हती', तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते.

अमेरिकेतल्या कोडं सोडवणाऱ्यांनी हाच दोष नेमका ओळखून त्याला नाव दिलं आहे. २००८ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या एका कोड्यात मॅसॅच्युसेट्समधलं नॅटिक हे गाव आलं. शोधसूत्रात बोस्टन मॅरेथॉनच्या आठव्या मैलावरचं गाव एवढीच ओळख होती. त्याला छेदणारा शब्द होता एन. सी. वायथ या चित्रकाराचं नाव, आणि सामाईक घर त्या पहिल्या 'एन'चं. दोन्ही विशेषनामं ठाऊक नसतील तर त्या घरात काय लिहायचं हे कोणत्याही तर्काने कळत नाही. तेव्हापासून अशा अन्यायकारक छेदाला तिकडे 'नॅटिक' म्हणतात. तिथली तक्रार गाव लहान असण्याबद्दल नाही, लहान गावं त्यांच्या कोड्यांत रोज येतात. अपरिचित नाव अपरिचित नावावरच टेकवलं, ही तक्रार आहे. गावाची योग्यता आणि छेदाचा न्याय हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. आपण ते एकाच पोत्यात भरले आणि पोत्यावरून भांडत बसलो.

बोलीला विरोध करणाऱ्यांचे काही मुद्दे वजनदार आहेत आणि ते झटकून टाकणं बरं नाही. पहिला मुद्दा लेखनाचा. प्रमाण शब्दाचं लेखन ठरलेलं असतं, बोलीतल्या शब्दाचं नसतं. फुणके की फुनके? गिलके की गिलकं? चौकटीतलं घर एकच अक्षर मागतं, तिथे 'कसंही चालेल' चालत नाही. हे खरं आहे. पण प्रमाण मराठीचं लेखन तरी आभाळातून पडलं का? मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांना शासनाची मान्यता मिळाली १९६२ साली. त्याआधीच्या छापील मजकुरात नांव, गांव, पांच सर्रास दिसतात. घरांच्या हिशेबाने 'गां' आणि 'गा' ही दोन वेगळी अक्षरं. म्हणजे आज आपण ज्याला पक्कं समजतो, ते माझ्या आईच्या शाळेच्या दिवसांत पक्कं नव्हतं. लेखन वापराने आणि छापण्याने स्थिरावतं. बोलीतले शब्द छापायचेच नाहीत आणि मग त्यांचं लेखन स्थिर नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?

त्यातही गिलक्याच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. जळगाव आणि नाशिकच्या बाजार समित्यांचे भाव वर्तमानपत्रांत येतात, त्यात वांगी, दोडके, कारली यांच्या ओळीत गिलके स्वच्छ छापलेलं असतं. कंस नाही, अवतरणचिन्ह नाही, 'स्थानिक नाव' अशी टीप नाही. शेतकऱ्याला पैसे मिळायचे त्या रकान्यात जो शब्द चालतो, तो मनोरंजनाच्या पानावर गेल्याबरोबर गावठी कसा होतो?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं एक उत्तर आपल्याच मुलखात दगडावर कोरलेलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला, १२०७ च्या सुमारास. लेखातली वंशावळ, स्तुती, राजांची वर्णनं संस्कृतात आहेत. पण मठाचा खर्च कशातून चालायचा, पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा कुठला वाटा मठाला द्यायचा, हे सांगायची वेळ आली तेव्हा लेख थेट त्या काळच्या मराठीत उतरतो. माल या अर्थी तिथे 'केणें' हा शब्द आहे. संस्कृत येत नव्हतं म्हणून असं झालं का? मठच शास्त्राभ्यासाचा होता. ज्यांनी देणं द्यायचं आणि ज्यांनी घ्यायचं, त्यांना शब्द कळला पाहिजे, ही साधी व्यवहाराची समज त्यामागे असणार. आठशे वर्षांपूर्वी एकाच दगडावर दोन्ही भाषा मावल्या. आपल्या चौकटीत एक भाजी मावत नाही?

भास्कराचार्यांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक सांगते. 'लीलावती'तली गणितंही एका अर्थी कोडीच आहेत. फुलांवर बसलेले भुंगे, त्यातले कुठे किती गेले, असं सगळं श्लोकांत. पण उत्तर काढायला लागणारी प्रत्येक संख्या श्लोकातच असते. श्लोक कितीही काव्यमय असो, सोडवणाऱ्यापासून काही दडवलेलं नसतं. चांगल्या कोड्याची माझी कसोटी तीच आहे, आणि ती 'घोसाळे'लाही लागू आहे. रावेरच्या एखाद्या मुलीने घोसाळे हा शब्द ऐकलेलाच नसेल तर तिच्यासाठी तो तितकाच परका आहे. तिच्या वाट्याला येणारी 'घो _ ळे' ही भिंत कोणाला कधी दिसली नाही, कारण त्या शब्दावर 'प्रमाण' असा शिक्का आहे आणि न येणं हा तिचा दोष मानला जातो.

दुसरा मुद्दा पहिल्याहून कठीण आहे. बोली म्हणजे कोणाची बोली? खान्देशात एकच बोली आहे असं समजणाऱ्याने जळगावहून नंदुरबारपर्यंत एकदा बसने जावं. पूर्वेला यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली. जामनेरकडे तावडी. अमळनेर, धुळे, चाळीसगाव, साक्री इकडे अहिराणी. सातपुड्यात चढलं की पावरी आणि भिलांच्या बोली, नवापूरकडे मावची. मग 'खान्देशी शब्द' म्हणून चौकटीत नेमकं कोण बसणार? आमच्या बाजूच्या मंडळींनी इथे फार घाईने बोलायला नको होतं. वाचनालयात एकाने बहिणाबाईंचा दाखला दिला, 'बहिणाबाईंनी अहिराणीत लिहिलं, ते चाललं ना?' बहिणाबाई चौधरी असोद्याच्या. त्यांची गाणी लेवा गणबोलीतली, आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपात आली. ती अहिराणी म्हणून खपवणं म्हणजे शेजारच्या बोलीवर आपण तेच करणं, जे पुण्याने आपल्यावर केलं अशी आपली तक्रार आहे.

पण यातून बोलीचे शब्द बाहेर ठेवा असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो इतकाच, की शोधसूत्राने खरं सांगावं. 'यावल-रावेरकडचा शब्द', 'पावरीतला शब्द' असं सूत्रात लिहिलं की काम झालं. सोडवणाऱ्याला कोणत्या दिशेला बघायचं ते कळतं आणि कोणाच्या नावावर कोणाचा माल विकला जात नाही. कोकणातला शब्द आला तर तसंच लिहावं.

एक आक्षेप अहिराणीच्या अभिमान्यांकडूनच येतो, आणि तो मला विचारात पाडून गेला. ब्रिटिश काळातला भाषा-अभ्यासक ग्रिअर्सन याने आपल्या भाषा सर्वेक्षणात खान्देशीला मराठीपासून वेगळं ठेवलं. २०११ च्या जनगणनेतही खान्देशी वेगळी भाषा म्हणून मोजली गेली आणि साडेअठरा लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली. मग वेगळ्या भाषेचे शब्द मराठी कोड्यात कशाला? आपलं स्वतंत्र अहिराणी कोडं काढू. काढावंच, मी पहिली सोडवीन. पण शब्द जनगणनेचा तक्ता बघून तोंडात येत नाहीत. नाशिकच्या बाजारात अस्सल मराठी बोलणारा माणूसही गिलकेच मागतो. टरबूज इथून विदर्भापर्यंत चालतं, तिकडे पुण्या-मुंबईकडे त्याचंच कलिंगड होतं, आणि योगायोग असा की दोघांचीही घरं चार. आपले शब्द उचलून वेगळ्या खोलीत ठेवले तर मोठ्या खोलीत बसलेल्यांना ते कधी ऐकूच येणार नाहीत. मानाचं स्वतंत्र पान द्यायचं आणि रोजच्या पानावर जागा नाकारायची, हा नकाराचाच सोयीचा प्रकार आहे.

आता तिसरा तट. 'एवढ्याशा कोड्यावरून कशाला भांडता, वेळ जात नाही का तुमचा?' असं म्हणणारे. आर्थर विनचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये २१ डिसेंबर १९१३ ला आलं. दहा-अकरा वर्षांत त्याचं एवढं वेड पसरलं की १९२४ साली न्यूयॉर्क टाइम्सने हा वेळेचा पापी अपव्यय आहे असं लिहिलं. त्याच टाइम्सने फेब्रुवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, स्वतःचं कोडं सुरू केलं. युद्धाच्या बातम्यांनी जीव टांगणीला लागलेल्या वाचकाला काहीतरी पूर्ण करण्याचं समाधान हवं असतं, हे त्यांना पटलं. आणि रस्त्यावरचे शब्द चौकटीत येणं कोणाला नवं वाटत असेल तर १९४४ चं लंडन आठवावं. नॉर्मंडीच्या स्वारीआधी डेली टेलिग्राफच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून असे गुप्त संकेतशब्द लागोपाठ आले आणि गुप्तहेर खातं कोडं रचणाऱ्या लिओनार्ड डॉ या मुख्याध्यापकांच्या दारात गेलं. ते रिकाम्या चौकटी भरायला आपल्या विद्यार्थ्यांना देत, आणि मुलांनी ते शब्द जवळच तळ ठोकलेल्या सैनिकांच्या तोंडून ऐकले होते, असं पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्याने सांगितलं. कोडं जिवंत असेल तर आसपासची बोली त्यात शिरणारच. तिला अडवायचं तर मुलांचे कान बंद करावे लागतील.

मोबाइलचा वादही याच भांडणात मिसळला गेला. शब्द न येणाऱ्याने मोबाइलवर बघितलं तर ती कॉपी की नाही? मला या प्रश्नात फारसा रस नाही, पण वाचनालयाबाहेरच्या टपरीवर घडलेलं एक सांगते. त्याच कोड्यात 'ज्वारीचा उन्हाळी पापड (३)' असं सूत्र होतं. कॉलेजातला एक मुलगा बराच वेळ मोबाइलवर शोधत होता आणि त्याला नाना प्रकारचे पापड सापडत होते. कप विसळणाऱ्या मावशींनी मान वर न करता सांगितलं, "बिबडी." आणि मग थांबल्याच नाहीत. ज्वारी किती दिवस भिजत घालायची, आंबूस वास आला की वाळवून कशी दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवताना हात कसा भाजतो, ओल्या धोतराच्या फडक्यावर थापून खाटेवर कशा वाळत घालायच्या आणि अर्धवट वाळलेली बिबडी पोरं कशी पळवतात. मुलाने बि, ब, डी ही तीन घरं भरली खरी, पण त्यानंतर दहा मिनिटं पेन तसाच हातात धरून तो ऐकत राहिला. उत्तर मोबाइलवर मिळालं असतं तर मिळो, माझी हरकत नाही. पण शब्द माणसाकडून आला की तो एकटा येत नाही. रोजचं कोडं चारचौघांत सोडवण्याचं मोल मला यात दिसतं, आणि प्रमाणाच्या कुंपणाआडचं कोडं हे मोल देऊ शकत नाही. त्यातली सगळी उत्तरं आधीच सरांपाशी असतात. मावशींना विचारायची वेळच येत नाही.

'मग स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं काय, ती कोड्यांवरून शब्दसंग्रह वाढवतात,' हा सरांचा शेवटचा प्रश्न. त्यांना घोसाळे यायला हवं, याबद्दल माझा वाद नाही. 'खान्देशात गिलके, पुण्याकडे काय? (३)' असं सूत्र द्यावं. एका ओळीत दोन्ही शब्द पोराच्या पदरात पडतात.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी चौकटीची वही घेऊन बसले. मधल्या 'ल'चं काय करता येईल, हे मला बघायचं होतं. 'गि'खाली गिरणा आणि 'के'खाली केळफूल तसंच ठेवलं. दोन्ही खाली जातात, म्हणून 'ल'च्या खालचं घर काळं करावं लागतं. पण वरून एक शब्द 'ल'वर येऊन थांबू शकतो. विषय भाजीबाजाराचा, शब्द 'ल'ने संपणारा, आणि गिलके माहीत नसलेल्यालाही येईल असा हवा. वीस मिनिटं गेली आणि मग उत्तर इतकं जवळ होतं की मी पुन्हा पुन्हा तपासलं. वाल. 'मोड आणून, सोलून डाळिंब्यांची उसळ करतात ते कडधान्य (२)'. पुण्या-कोकणाकडच्या माणसाला हे सूत्र वाचताक्षणी सुटेल. त्याच्या ताटातल्या उसळीने त्याला आमच्या भाजीपर्यंत आणून सोडलं असतं.

ती चौकट मी दुसऱ्या दिवशी सरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून 'ल'वर बोट ठेवलं, वर 'वा' वाचलं, आणि म्हणाले, "हे असं असतं तर मला आलं असतं." मी ती दैनिकाच्या पत्त्यावर पाठवली आहे, सोबत दोनच विनंत्या. प्रदेशाचा शब्द असेल तर सूत्रात प्रदेश लिहा, आणि त्याचं एकही घर छेदाशिवाय सोडू नका. हाच नियम आमच्यावरही लावा. उद्या दोडक्याच्या जागी कोकणातलं 'शिराळे' आलं तर आम्ही कुरकुर करणार नाही. फक्त मधल्या 'रा'मधून खाली 'रावेर' सोडा.